जठराच्या अस्तरातील कर्कपूर्व बदल आणि दीर्घकालीन देखरेख : एका वैद्यकीय संकल्पनेची घडण

प्रास्ताविक

झालेल्या रोगावर उपचार करणे हे वैद्यकाचे पुरातन कार्य होय. जो रोग अद्याप झालेला नाही, कदाचित कधी होणारही नाही, त्याच्या पूर्वखुणा शरीरात शोधून त्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे हे कार्य मात्र प्रामुख्याने विसाव्या शतकाची निर्मिती आहे. जठराच्या अस्तरातील कर्कपूर्व बदलांवरील देखरेख हे त्याचे एक बोलके उदाहरण म्हणता येईल. जठरातील पाचकरस स्रवणाऱ्या ग्रंथी नाहीशा होऊन अस्तर पातळ होणे म्हणजे शोष. त्या जागी आतड्याच्या धर्तीच्या पेशी निर्माण होणे म्हणजे आंत्रीय रूपांतरण. आणि पेशींची घडण व मांडणीच बिघडणे म्हणजे डिस्प्लेसिया. या तीन बदलांना आज कर्कपूर्व मानले जाते. ज्याच्या जठरात ते असतात त्या व्यक्तीला बहुधा त्यांची काहीच जाणीव नसते.

या देखरेखीचा इतिहास सामान्यतः उपकरणांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ताठ नळीच्या जागी लवचीक नळी आली, तिच्या जागी प्रकाशतंतूंची दुर्बीण आली आणि देखरेख शक्य झाली, अशी ती मांडणी असते. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. उपकरणांनी पाहण्याची सोय केली. कोणाला पुन्हा पुन्हा पाहावे आणि कोणाला निर्धास्तपणे सोडून द्यावे, हे त्यांनी ठरवले नाही. हा निर्णय विशिष्ट प्रदेशांतील लोकसमूहांच्या दीर्घ निरीक्षणातून हळूहळू आकारास आला आणि आजही तो पूर्णपणे निर्विवाद नाही. प्रस्तुत लेखात या निर्णयाची घडण तपासण्याचा प्रयत्न आहे.

१. पाहण्यातील अडचणी

जिवंत माणसाचे जठर दीर्घकाळ पाहण्याची पहिली ख्यातनाम संधी अपघाताने मिळाली. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणास बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण जठरात उघडणारे छिद्र कायम राहिले. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी १८२५ पासून अनेक वर्षे त्या छिद्रातून जठरातील घडामोडी पाहिल्या आणि १८३३ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जठराच्या अस्तराचे रूप आहार-विहारानुसार बदलते, ते लाल होते, सुजते व पुन्हा पूर्ववत होते, हे त्यांनी नोंदवले. अस्तर ही एक बदलती गोष्ट आहे, ही जाणीव या निरीक्षणांतून स्पष्ट झाली.

परंतु अशी संधी विरळा. एकोणिसाव्या शतकातील विकृतिशास्त्राचा मुख्य आधार मृतदेह हाच होता आणि जठराच्या बाबतीत तो आधार दुबळा ठरे. मृत्यूनंतर जठर स्वतःच्याच पाचकरसाने विरघळू लागते. त्यामुळे दिसणारा बदल रोगाचा की मरणोत्तर नाशाचा, हे सांगणे अवघड जाई. कोपनहेगनचे क्नुड फाबर यांनी मृत्यूनंतर त्वरित फॉर्मॅलिन टोचून अस्तर टिकवण्याची रीत अवलंबिली. त्यामुळे दीर्घकालीन जठरशोथ आणि शोष यांचे विश्वसनीय वर्णन करणे शक्य झाले. तरीही मृतदेह एकच क्षण दाखवतो. त्याच्या आधी काय होते आणि पुढे काय झाले असते, हे त्यातून कळत नाही.

जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याचा प्रयत्न जर्मनीत आडोल्फ कुसमाउल यांनी १८६८ साली केला. त्यासाठी त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्याची मदत घेतली होती, यावरून त्या ताठ नळीचे स्वरूप ध्यानात येईल. म्यूनिक येथील रुडोल्फ शिंडलर यांनी १९३२ साली अंशतः लवचीक दुर्बीण प्रचारात आणली. नाझी राजवटीमुळे त्यांना देश सोडावा लागला आणि १९३४ पासून त्यांचे कार्य शिकागो येथे पुढे चालू झाले. जठरशोथ हा केवळ शवविच्छेदनात आढळणारा प्रकार नसून हयात रुग्णात ओळखता येणारा विकार आहे, हे शिंडलर यांनी आग्रहाने मांडले. १९४९ साली मेलबर्न येथील इअन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचीक नळीतून अस्तराचा बारीक तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हा तुकडा न पाहता, अंदाजाने घेतला जाई. पण त्यामुळे एकाच व्यक्तीचे अस्तर काही वर्षांच्या अंतराने सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येऊ लागले. १९५७ साली बेसिल हिर्शोविट्झ यांनी मिशिगन येथे प्रकाशतंतूंची दुर्बीण प्रथम वापरली आणि पुढे पाहणे व तुकडा घेणे या दोन्ही क्रिया एकत्र आल्या.

फिनलंडमधील माक्स सिउराला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोषजन्य जठरशोथ असलेल्या रुग्णांचा १० ते १५ वर्षांचा पाठपुरावा १९६६ साली प्रसिद्ध केला. आधुनिक अर्थाने ज्याला देखरेख म्हणता येईल अशा आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना करावी लागेल. शोषग्रस्त जठरात पुढे कर्करोग उद्भवू शकतो, हे अशा पाठपुराव्यातून दिसले. मात्र शोष आणि कर्करोग यांच्या दरम्यान नेमके काय घडते, हा प्रश्न शिल्लक होता.

२. नारिन्यो : डोंगर आणि किनारा

या प्रश्नाचे सर्वांत प्रभावी उत्तर दक्षिण अमेरिकेतून आले. कोलंबियाच्या नैर्ऋत्य टोकाला नारिन्यो हा प्रांत आहे. त्याचा एक भाग अँडीज पर्वताच्या उंच पठारावर, तर दुसरा प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर वसलेला आहे. पठारावरील तुकेर्रेस आणि किनाऱ्यावरील तुमाको यांच्यातील अंतर सुमारे २०० किलोमीटर. परंतु पठारावर जठराच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण दर लाखी सुमारे १५०, तर किनाऱ्यावर दर लाखी सुमारे ६ असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. एकाच प्रांतात, एकाच राज्यव्यवस्थेखाली, सुमारे पंचवीस पटींची ही तफावत होती.

काली येथील विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोर्रेआ यांनी ही तफावत आपल्या अभ्यासाचा विषय केली. काली शहराची कर्करोग नोंदणी १९६२ पासून सुरू होती. त्यामुळे मृत्युदाखल्यांपेक्षा भरवशाची माहिती हाताशी होती. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ विल्यम हेन्झेल हे त्यांचे सहकारी होते. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे राहते, पण तेथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये ते घटते, हे हेन्झेल यांनी पूर्वीच दाखवले होते. बालपणीच्या परिस्थितीचा ठसा अनेक दशकांनी रोगरूपाने उमटतो, असा त्याचा अर्थ होता. तेव्हा दरम्यानच्या दशकांत जठराच्या अस्तरात काहीतरी घडत असले पाहिजे, हे ओघानेच आले.

१९७५ साली लॅन्सेट या नियतकालिकात कोर्रेआ, हेन्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रतिमान मांडले. निरोगी अस्तर, जठरशोथ, शोष, आंत्रीय रूपांतरण, डिस्प्लेसिया आणि अखेर कर्करोग अशा क्रमाने हा प्रवास होतो, असे त्याचे सूत्र होते. १९८८ आणि १९९२ साली कोर्रेआ यांनी त्याची सुधारित मांडणी केली आणि पुढे तो क्रम त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

या प्रतिमानाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतली पाहिजेत. पहिले असे की, ते मूळ कारण सापडण्यापूर्वीच उभे राहिले. १९७५ च्या मांडणीत भर होता तो नायट्रेट, त्यापासून जठरात तयार होणारी संयुगे, मिठाचा अतिवापर आणि ताज्या भाज्या-फळांचा अभाव यांवर. आज ज्याला प्रमुख कारण मानले जाते तो जिवाणू त्यात नव्हता. तरीही पायऱ्यांचा क्रम टिकला, कारण तो तर्कातून नव्हे तर हजारो सूक्ष्मदर्शी काचपट्ट्यांच्या निरीक्षणातून आला होता. दुसरे असे की, ही पायऱ्यांची वाट सर्व कर्करोगांना लागू नाही. तुर्कू येथील पेक्का लाउरेन यांनी १९६५ साली जठराच्या कर्करोगाचे आंत्रीय आणि विसरित असे दोन प्रमुख प्रकार सांगितले होते. कोर्रेआ यांचा क्रम त्यांपैकी आंत्रीय प्रकाराचा आहे. विसरित प्रकार सहसा या पायऱ्या चढून येत नाही. त्यामुळे पायऱ्यांवरील देखरेख कितीही काटेकोर केली तरी जठराचा प्रत्येक कर्करोग तिच्या टप्प्यात येणार नाही, ही मर्यादा आरंभापासूनच होती.

पायऱ्यांच्या कल्पनेने काळाचे परिमाण दिले. रोग एका रात्रीत होत नाही, त्याला दशके लागतात. म्हणजेच मध्ये थांबून पाहण्यास अवकाश आहे, असा दिलासा तिने दिला. पण याच कल्पनेतून एक गैरसमजही पसरला. जो पहिल्या पायरीवर आहे तो शेवटच्या पायरीवर पोहोचणारच, असे मानले जाऊ लागले. वास्तविक नारिन्योतील पाठपुराव्यातच दिसून आले होते की, काहींचे अस्तर पुढच्या पायरीवर जाते, काहींचे मागे येते आणि अनेकांचे आहे तेथेच राहते.

३. जिवाणूचा प्रवेश

पर्थ येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना १९७९ साली जठराच्या अस्तरावर वक्राकार जिवाणू आढळले. १९८२ साली बॅरी मार्शल यांच्यासह त्यांनी ते प्रयोगशाळेत वाढवले. १९८४ साली मार्शल यांनी स्वतः हे जिवाणू प्राशन केले आणि त्यांना जठरशोथ झाला. पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने परिचित झालेल्या या जिवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली मानवी कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले. वॉरन आणि मार्शल यांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाने देखरेखीच्या कल्पनेचा पायाच बदलला. तोपर्यंत कर्कपूर्व बदल असलेल्या माणसाला वैद्य फक्त पाहू शकत होता. आता काही करणेही शक्य झाले. जपानमधील उएमुरा आणि सहकाऱ्यांनी २००१ साली १,५२६ रुग्णांचा सरासरी ७.८ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. जिवाणूबाधित १,२४६ जणांपैकी ३६ जणांना कर्करोग झाला. बाधा नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही. तेव्हा जिवाणू नष्ट केला की धोका संपेल, अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक होते.

ती अपेक्षा पूर्णपणे फळाला आली नाही. चीनमधील फूज्यान प्रांतात १,६३० जिवाणूबाधितांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. साडेसात वर्षांनंतर उपचारगटात ७ आणि तुलनागटात ११ जणांना कर्करोग झाला; हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. मात्र ज्यांच्या अस्तरात आरंभी कर्कपूर्व बदल नव्हते, त्यांना उपचाराचा लाभ स्पष्ट दिसला. वाट काही अंतर चालून झाल्यावर केवळ जिवाणू काढून टाकणे पुरेसे नसते, असा या निष्कर्षाचा अर्थ लावला गेला.

नारिन्योतील प्रयोगाने या चित्रात भर घातली. १९९१ पासून पठारावरील कर्कपूर्व बदल असलेल्या व्यक्तींना जिवाणूविरोधी औषधे, क जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन यांपैकी एक वा अधिक उपचार देऊन तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी पुन्हा बायोप्सी घेण्यात आल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या उपचारांनी अस्तर मागच्या पायरीवर येण्याचे प्रमाण वाढले. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००५ साली असे दिसले की, जिवाणूमुक्त राहिलेल्या वर्षांबरोबर ही सुधारणा अधिकाधिक वेगाने होत जाते. उपचाराचा लाभ हवा असेल तर वाट पाहावी लागते, आणि ती पाहत असताना लक्षही ठेवावे लागते. उपचाराने देखरेखीची जागा घेतली नाही. तिला अधिक अर्थ दिला.

४. नावांचा प्रश्न

देखरेखीसाठी एका वर्षीचे निदान दुसऱ्या वर्षीच्या निदानाशी ताडून पाहता आले पाहिजे. त्यासाठी सर्वांनी एका गोष्टीला एकच नाव देणे आवश्यक असते. येथे मोठी अडचण होती. १९९० साली सिडनी येथील जागतिक परिषदेत जठरशोथाच्या वर्गीकरणाची एक पद्धत मांडण्यात आली आणि १९९४ च्या ह्यूस्टन येथील बैठकीनंतर तिची सुधारित आवृत्ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. जठराच्या ठरावीक पाच ठिकाणांहून तुकडे घ्यावेत, असे तिने सुचवले. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सूचनेचे महत्त्व मोठे होते. शोष आणि रूपांतरण हे अस्तरावर सलग नसून ठिपक्याठिपक्यांनी पसरलेले असतात. कोठून तुकडा घेतला यावर निदान अवलंबून असेल, तर दोन तपासण्यांतील फरक रोगाचा की हाताचा, हे कळणार नाही.

याहून गंभीर मतभेद डिस्प्लेसियाविषयी होता. एकाच काचपट्टीवर जपानी विकृतिशास्त्रज्ञ कर्करोगाचे निदान करीत, तर पाश्चात्त्य तज्ज्ञ त्याला डिस्प्लेसिया म्हणत, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेने उघड केले. पाश्चात्त्य तज्ज्ञ पेशींनी खालच्या थरात शिरकाव केल्याचा पुरावा मागत. जपानी तज्ज्ञ पेशीकेंद्रकांचे रूप आणि ग्रंथींची मांडणी यांवरून निर्णय घेत. जपानमधील कर्करुग्ण अधिक काळ जगतात याचे काही श्रेय या नामभेदाकडेही जात असावे, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. १९९८ साली व्हिएन्ना येथे दोन्ही परंपरांचे तज्ज्ञ एकत्र आले आणि २००० साली त्यांचे समान वर्गीकरण प्रसिद्ध झाले. पुढे २००५ साली शोषाच्या आणि २०१० साली आंत्रीय रूपांतरणाच्या व्याप्तीनुसार रुग्णांची शून्य ते चार अशा श्रेणींत विभागणी करणाऱ्या पद्धती मांडण्यात आल्या. बदल आहे की नाही, यापेक्षा तो किती पसरला आहे हा प्रश्न आता मध्यवर्ती झाला.

५. कोणावर लक्ष ठेवावे?

एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. ब्रिटनमधील एका केंद्राने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या दहा वर्षांच्या अभ्यासात शोष वा आंत्रीय रूपांतरण असलेल्यांमध्ये कर्करोगाचा धोका ११ टक्के असल्याचे आढळले आणि दरवर्षीच्या तपासणीमुळे रोग लवकर सापडतो असे दिसले. हे प्रमाण सर्वत्र असेच असेल, तर लक्षावधी लोकांची दरवर्षी दुर्बिणीने तपासणी करणे भाग पडले असते.

२००८ साली नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासाने निराळे चित्र उभे केले. त्या देशातील विकृतिशास्त्रीय अहवालांची राष्ट्रव्यापी नोंद वापरून १९९१ ते २००४ या काळातील ९२,२५० रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. निदानानंतरच्या पाच वर्षांत कर्करोगाचे वार्षिक प्रमाण शोषात ०.१ टक्के, आंत्रीय रूपांतरणात ०.२५ टक्के, सौम्य ते मध्यम डिस्प्लेसियात ०.६ टक्के आणि तीव्र डिस्प्लेसियात ६ टक्के होते. म्हणजे खालच्या पायऱ्यांवरील बहुसंख्य व्यक्तींना कर्करोग होणार नव्हता. याच अभ्यासाने दुसरी, अधिक अस्वस्थ करणारी बाबही समोर आणली. तीव्र डिस्प्लेसिया असलेल्यांपैकी केवळ ६१ टक्के रुग्णांचा पाठपुरावा झाला होता. शोष असलेल्यांपैकी मात्र २६ टक्क्यांची पुन्हा तपासणी झाली होती. ज्यांना तपासणीची निकड होती त्यांच्यातील अनेक जण सुटले होते आणि ज्यांना ती फारशी नव्हती त्यांच्यातील अनेक जण फेऱ्या मारीत होते.

२०१२ साली युरोपातील एंडोस्कोपी, हेलिकोबॅक्टर आणि विकृतिशास्त्र या विषयांच्या संस्थांनी पोर्तुगीज एंडोस्कोपी संस्थेसह या क्षेत्रातील पहिली सामायिक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. २०१९ आणि २०२५ साली त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. जठरात विस्तृत पसरलेला शोष वा रूपांतरण असलेल्यांची दर तीन वर्षांनी तपासणी करावी, सौम्य व मर्यादित बदल असलेल्यांना देखरेखीची गरज नाही, असा त्यांचा गाभा आहे. २०१९ च्या आवृत्तीने कुटुंबात जठराचा कर्करोग असल्यास हे अंतर एक ते दोन वर्षांवर आणले. अमेरिकेतील एका प्रमुख संस्थेने २०२० साली आंत्रीय रूपांतरण असलेल्या सर्वांच्या सरसकट देखरेखीविरुद्ध मत दिले. २०२५ साली तेथीलच दुसऱ्या संस्थेने अधिक धोका असलेल्यांसाठी तीन वर्षांचे अंतर सुचवले. या मतभेदाचे मूळ पुराव्याच्या वाचनात जितके आहे तितकेच समाजाच्या रचनेत आहे. ज्या देशात हा रोग विरळ आहे, तेथे एका कर्करोगाच्या शोधासाठी फार मोठ्या संख्येने निरोगी माणसांना रुग्ण म्हणून जगावे लागते.

६. भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हेलिकोबॅक्टरची बाधा देशात सर्वत्र पुष्कळ आढळते; त्या मानाने जठराचा कर्करोग अनेक भागांत कमी आहे. यास अभ्यासकांनी भारतीय कोडे असे म्हटले आहे. नारिन्योच्या किनाऱ्यावरही हेच दिसते. तेथील बहुतेक लोक बाधित असूनही कर्करोग कमी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जिवाणूचा वंश आणि माणसाचा वंश यांच्यातील विजोडपणा या तफावतीमागे असल्याचे सुचवण्यात आले.

भारतातील चित्र कळते ते कर्करोग नोंदणीमुळे. १९६३ साली मुंबईत सुरू झालेली नोंदणी ही देशातील पहिली, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झालेली नोंदणी ही पहिली ग्रामीण नोंदणी होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली पुढे जे जाळे विणले गेले, त्यातून स्पष्ट झाले की जठराच्या कर्करोगाचे प्रमाण महाराष्ट्रात कमी, चेन्नई-बेंगळुरूकडे त्याहून अधिक आणि मिझोराममध्ये देशात सर्वाधिक आहे. काश्मीरमधील मोठे प्रमाण १९९२ साली नोंदवले गेले. मिझोराममधील तंबाखूच्या धुराचे पाणी अर्थात तुइबुर, धुरी दिलेले मांस आणि आंबवलेली डुकराची चरबी यांचा या रोगाशी संबंध असल्याचे २००५ व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले.

या पार्श्वभूमीवर नेदरलँड्स वा जपानचे वेळापत्रक भारतात जसेच्या तसे उचलणे योग्य ठरणार नाही. मुंबईतील एखाद्याच्या अहवालात आंत्रीय रूपांतरण हे शब्द येणे आणि ऐझॉलमधील एखाद्याच्या अहवालात ते येणे, यांचा अर्थ एक नाही. पहिल्याला अकारण भयाखाली ठेवले जाण्याचा धोका आहे. दुसऱ्याला दुर्बीणच उपलब्ध न होण्याचा. नारिन्योच्या अभ्यासाने जे शिकवले ते हेच की, पायरीचे महत्त्व ती कोणत्या भूमीवर उभी आहे यावरूनही ठरते.

समारोप

बोमाँट यांच्यापासून आजपर्यंतच्या या वाटचालीत पाहण्याची साधने सतत सुधारत गेली. पण देखरेखीला अर्थ आला तो चार गोष्टींमुळे : पाठपुराव्यात टिकून राहिलेले सामान्य लोक, चिकाटीने चाललेली नोंदणी, निदानाची समान भाषा आणि धोक्याचे प्रामाणिक मोजमाप. या चारपैकी एकही गोष्ट दुर्बिणीबरोबर विकत मिळत नाही. नारिन्योच्या पठारावरील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासणीला येऊन जे ज्ञान घडवले, त्याच्या आधारे आज अन्यत्र कोणाला तीन वर्षांनी बोलवावे आणि कोणाला निश्चिंत मनाने घरी पाठवावे, हे ठरते. निश्चिंत मनाने घरी पाठवता येणे हीदेखील या इतिहासाची मोलाची निष्पत्ती होय.